झगमगाट नको, नेमका झोत हवा
आरशांच्या फिरत्या गोळ्यासाठी दिवा कसा निवडावा?

मंडप-डेकोरेशन हा आता गावोगावी शेतीला धरून चालणारा जोडधंदा झाला आहे. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, तीही पावसाच्या लहरीवर. अशा घरातला एखादा मुलगा पतसंस्थेचे कर्ज काढतो, ताडपत्री, कनाती, खुर्च्या, माइक-स्पीकर घेतो आणि लग्नसराईत चार पैसे गाठीला बांधतो. गणपती, नवरात्र, हळदी, वाढदिवस, शाळेचे स्नेहसंमेलन, यात्रेतला ऑर्केस्ट्रा असे वर्षभर काही ना काही चालूच असते. या सामानात हल्ली एक वस्तू हटकून दिसते, ती म्हणजे आरशांचा फिरता गोळा. कोणी त्याला डिस्को बॉल म्हणते, कोणी मिरर बॉल.

गोळा तर येतो, पण त्यावर टाकायचा दिवा निवडताना बहुतेकांची गाडी अडते. फवारणीच्या प्रात्यक्षिकासाठी गावात गेलो की औषधाच्या चर्चेनंतर हमखास कोणी तरी बाजूला घेऊन विचारतो, ‘साहेब, चार-चार फोकस लावले, तरी भिंतीवर ठिपकेच उमटत नाहीत. गोळ्याचे आरसे खराब असतील का?’ नाही हो! आरसे बहुतेक वेळा चांगलेच असतात. गोळ्यावर सोडलेला उजेड चुकीचा असतो. मग आणखी दोन फोकस घेतले जातात, ठिपके आणखी फिके होतात, विजेचे बिल तेवढे वाढते. मंडळाची वर्गणी असो की पोराने काढलेले कर्ज, पैसा कष्टाचाच असतो. म्हणून आज पिकांचा विषय थोडा बाजूला ठेवून या दिव्याचा हिशेब करू.

गोळ्याचे काम चालते कसे?

लहानपणी आपण सगळ्यांनीच आरशाच्या तुकड्याने उन्हाचा कवडसा पाडला आहे. अंगणात उभे राहून तुकडा जरा तिरपा केला की समोरच्या माळवदावर उजेडाचा ठिपका नाचायला लागतो. आरशांचा गोळा म्हणजे असे शेकडो तुकडे एका चेंडूवर बसवलेले. गोळ्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडेल तेवढाच उजेड तो वाटून देतो. प्रत्येक तुकडा सपाट, पण प्रत्येकाचे तोंड निराळ्या दिशेला. त्यामुळे एका दिव्याच्या एका झोताचे जितके तुकडे उजळतील तितके कवडसे चारी बाजूंना पडतात.

साधा हिशेब करू. गोळा १२ इंच व्यासाचा आणि आरसे १ सेंटिमीटरचे असतील, तर फटी सोडून सगळ्या गोळ्यावर अडीच हजारांच्या आसपास तुकडे बसतात. दिव्याच्या बाजूचे निम्मेच उजळतात. म्हणजे एका दिव्यातून हजार-बाराशे कवडसे मिळाले. तुकडे २ सेंटिमीटरचे असतील तर कवडशांची संख्या चौथ्या हिश्श्यावर येते, पण प्रत्येक कवडसा जास्त तेजस्वी होतो. म्हणून लहान हॉलला बारीक तुकड्यांचा गोळा शोभतो, तर भिंती लांब असलेल्या मोठ्या मंडपाला मोठ्या तुकड्यांचा.

ही वस्तू तशी नवी नाही. अमेरिकेत बोस्टनमधल्या चार्ल्सटाउन येथे १८९७ मध्ये वीज कामगारांच्या संघटनेचा जलसा झाला होता. तिथे आरशांच्या गोळ्यावर कार्बन आर्क दिव्याचा झोत सोडला होता, असे त्या संघटनेच्या पत्रिकेत नोंदलेले आहे. पुढे १९१७ मध्ये केंटकी राज्यातील लुई बर्नार्ड वेस्टे यांनी अशा गोळ्याचे पेटंट घेतले. त्यांनी ठेवलेल्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘असंख्य परावर्तक’. आपल्याकडे १९८० नंतर हिंदी सिनेमातल्या डिस्को गाण्यांबरोबर या गोळ्याची हौस वाढली. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, १८९७ च्या त्या वीज कामगारांनी दिवा अचूक निवडला होता. कार्बन आर्कचा उजेड अगदी लहानशा जागेतून निघतो आणि तो अतिशय प्रखर असतो. आज दिव्यांची जात बदलली, तरी निवडीचा नियम तोच आहे. उगम लहान, झोत अरुंद.

नोझल आणि झोत

हे शेतकऱ्याला फवारणी पंपाच्या उदाहरणाने लगेच पटते. तणनाशकाला आपण फ्लॅट फॅन नोझल लावतो, कीटकनाशकाला हॉलो कोन. पंप तोच, पाणी तेच, पण नोझल चुकले की औषध पिकाऐवजी बांधावर पडते. दिव्याचेही तसेच असते. किती वॅटचा दिवा यापेक्षा त्याचा झोत किती पसरतो हे आधी बघावे लागते. हा पसारा अंशात मोजतात आणि चांगल्या दिव्याच्या खोक्यावर तो छापलेला असतो.

समजा, १२ इंची गोळा आहे आणि दिवा त्याच्यापासून १२ फुटांवर आहे. हिशेब सोपा जावा म्हणून झोत सगळीकडे सारखा पडतो असे धरू. मग बघा काय होते.

दिव्याचा झोत ६० अंश पसरणारा असेल, म्हणजे आपला नेहमीचा हॅलोजन किंवा एलईडी फ्लड, तर गोळ्यापर्यंत जाईतो त्याचा घेर जवळजवळ १४ फूट होतो. गोळा आहे फक्त एक फुटाचा. म्हणजे रुपयाच्या उजेडातला जेमतेम अर्धा पैसा गोळ्यावर पडला. बाकीचा साडेनव्याण्णव पैशांचा उजेड भिंतीवर आणि पाव्हण्यांच्या तोंडावर.

३० अंशाचा दिवा लावला तर रुपयातले सुमारे अडीच पैसे गोळ्यावर पडतात. १५ अंशाचा लावला तर दहा पैसे. आणि ५ अंशाचा लावला तर घेर साडेबारा इंचांच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास गोळ्याएवढाच. झोताच्या कडेने थोडे सांडले तरी रुपयातला मोठा हिस्सा गोळ्याच्या कामी येतो.

यावरून कळेल की १० वॅटचा अरुंद झोत ५०० वॅटच्या फ्लडला का भारी पडतो. शिवाय फ्लडचा जो उजेड वाया गेला तो नुसता वाया जात नाही, तो आपल्याच कवडशांवर उठतो. पौर्णिमेच्या रात्री आभाळात चांदण्या कमी दिसतात. त्या कुठे जात नाहीत, चंद्राच्या उजेडात फिक्या पडतात. मंडपातही तोच प्रकार. जितके फोकस वाढवाल तितकी पौर्णिमा जवळ येईल आणि तितके ठिपके मावळतील.

इंचाला फूट

पाच अंशाच्या दिव्याचा एक सोपा नियम लक्षात ठेवावा. त्याचा झोत दर फुटाला साधारण एक इंच पसरतो. म्हणून जितक्या इंचांचा गोळा, तितक्या फुटांवर दिवा. ८ इंची गोळ्याला ८ फूट, १२ इंचीला १२ फूट, २० इंचीला २० फूट. दहा अंशाचा दिवा मिळाला तर तो दर फुटाला साधारण दोन इंच पसरतो, म्हणून तो साधारण निम्म्या अंतरावर आणावा लागेल. पण दिवा फार जवळ आणला की कवडसे फुगतात आणि त्यांच्या कडा पुसट होतात. शक्य असेल तिथे अरुंद झोताचा दिवा लांबून मारणेच चांगले.

अशा दिव्यांना बाजारात ‘पिन स्पॉट’ म्हणतात. जुना पिन स्पॉट म्हणजे पार ३६ जातीचा, मोटारीच्या हेडलाइटसारखा बंद काचेचा, ६ व्होल्ट ३० वॅटचा दिवा. त्याच्या डब्यातच ट्रान्सफॉर्मर असतो. तो दिवा कधीही थेट २३० व्होल्टच्या लाइनवर जोडू नये, क्षणात जातो. त्याचा उजेड किंचित पिवळसर, उबदार, लग्नाच्या मंडपाला शोभणारा. आता एलईडीचे पिन स्पॉट मिळतात, ३ वॅटपासून १० वॅटपर्यंतचे. तापत कमी, टिकतात जास्त, बॅटरी-इन्व्हर्टरवरही आरामात चालतात. नवे घ्यायचे असेल तर एलईडीच घ्यावे. जुना पार ३६ चांगल्या स्थितीत असेल तर मात्र तो टाकून देऊ नये.

काय घेऊ नये?

पहिली गोष्ट, ट्यूबलाइट. ती चार फूट लांब. कवडशाचा आकार दिव्याच्या उगमावर ठरतो, म्हणून लांब दिव्याचा कवडसाही लांबट आणि विरघळलेला पडतो. झाडाच्या पानांतून येणारे उन्हाचे ठिपके गोल का दिसतात? पानांमधली भोके वेडीवाकडी असली तरी सूर्य गोल आहे म्हणून. आरशाचे तुकडे चौकोनी असूनही लांबच्या भिंतीवर ठिपके गोल पडतात ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट, काडीचा हॅलोजन. त्याच्यातही तोच दोष, वर उष्णता भरपूर. मंडपाचे कापड जवळ असेल तर आगीला आमंत्रण.

तिसरी गोष्ट, आणि इथेच मंडपवाले जास्त फसतात, ती म्हणजे एकाच डब्यात पन्नास-साठ बारीक एलईडी बसवलेला रंगीत ‘एलईडी पार’. स्टेज रंगवायला हा दिवा चांगला. गोळ्यावर मात्र त्यातला प्रत्येक एलईडी आपला वेगळा कवडसा पाडतो. तांबडा एकीकडे, हिरवा दुसरीकडे, निळा तिसरीकडे. सगळे एकमेकांवर चढतात आणि भिंतीवर ठिपक्यांऐवजी रंगांचा गिचका होतो. म्हणून दिव्याच्या तोंडाकडे बघावे. एकच भिंग असेल तर घ्यावा. भिंगांची चाळणी असेल तर गोळ्यासाठी घेऊ नये. रंग बदलणारा दिवा हवाच असेल तर सगळे रंग एकाच भिंगातून बाहेर पडणारा निवडावा.

विकत घेण्याआधी चाचणी

बियाणे पेरण्याआधी आपण उगवणशक्ती तपासतो. दिव्याचीही चाचणी दुकानातच होते, तिला पाच मिनिटे लागतात.

दिवा घेऊन भिंतीपासून १२ फूट लांब उभे राहा. अंतर नीट मोजा, अंदाजाने नको. झोत भिंतीवर पाडा आणि उजेडाच्या मुख्य वर्तुळाचा व्यास टेपने मोजा. ते वर्तुळ तुमच्या गोळ्याएवढे, फार तर त्याच्या दीडपट असावे. तीन-चार फुटांचे वर्तुळ पडत असेल तर दुकानदार काहीही सांगो, तो दिवा गोळ्याचा नव्हे. वर्तुळाच्या मध्ये काळा डाग किंवा कडेला रंगांचे पट्टे दिसले तरी दुसरा दिवा मागा. खोक्यावर नुसते ‘हाय पॉवर’ छापलेले असेल तर त्यावर जाऊ नका, अंश विचारा.

घरी गोळा आधीच असेल तर आणखी सोपे. रात्री माजघरातले दिवे घालवा, गोळा दोरीला टांगा आणि पुढचे भिंग सरकवून झोत आवळता येतो अशा बॅटरीचा उजेड त्यावर मारा. हातातल्या त्या लहान बॅटरीने भिंतीभर चांदणे पसरलेले दिसेल. घरातली पोरे तर नाचायलाच लागतील. मग पटेल की गोळ्याला मोठा दिवा लागत नाही, नेमका लागतो.

किती दिवे, कोणता रंग?

लहान हॉलला किंवा घरगुती गणपतीला एक दिवा पुरतो. मोठ्या मंडपात दोन दिवे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून लावावेत. कवडशांची संख्या दुप्पट होते आणि गोळ्याच्या मागे पडणारी सावलीही भरून निघते. चारच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. ठिपके इतके दाट होतात की वेगळे दिसतच नाहीत.

रंगाचे म्हणाल तर पांढरा कवडसा सर्वांत उठून दिसतो. पांढऱ्या दिव्यापुढे रंगीत जिलेटिनचा कागद लावला की तो बराच उजेड खातो, त्यातही गडद निळा सर्वांत जास्त. रंगच हवा असेल तर मूळ रंगाचा एलईडी घ्यावा. दोन दिवे असतील तर एक पांढरा आणि एक केशरी पिवळा ही जोडी छान दिसते.

इथे माझ्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे पकडायला आपण प्रकाश सापळे लावतो. निळसर पांढऱ्या उजेडाकडे, विशेषतः जांभळ्यापलीकडच्या किरणांकडे, कीटक जास्त ओढले जातात. पिवळ्याकडे कमी. गणपती येतात भर पावसाळ्यात आणि मंडप बहुधा शेताला लागून. अशा ठिकाणी उघड्या बाजूचा दिवा पिवळसर ठेवला तर किडे जरा कमी येतात, आणि महाप्रसादाच्या ताटात कमी पडतात.

अंधार आणि पांढरे कापड

दिवा कितीही चांगला असला तरी कवडसा पडायला पडदा लागतो. वर आभाळ उघडे असेल तर गोळ्याने वाटलेला निम्मा उजेड आभाळात जातो. गर्द निळे, मरून कापड उजेड गिळून टाकते. गोळा लावायचा तर छताला आणि निदान दोन बाजूंना पांढरे किंवा फिक्या साईच्या रंगाचे कापड असावे. गोळा फिरत असताना बाकीचे मोठे दिवे बंद ठेवावेत. लोकांना वाट दिसेल इतके मंद दिवे जाण्या-येण्याच्या जागी खाली, जमिनीलगत असावेत. सगळा वेळ गोळा फिरवण्याचीही गरज नाही. आरतीनंतर किंवा एखाद्या गाण्यापुरता फिरवला तर त्याचे अप्रूप राहते.

झोत हवेत दिसावा म्हणून काही जण धुराचे यंत्र लावतात. बंद मंडपात लहान मुले आणि दम्याची माणसे असतील तर ते टाळावे. ओला पालापाचोळा किंवा काथ्या पेटवून धूर करण्याचा उद्योग तर कधीच करू नये.

गोळ्याचा वेग

गोळा मिनिटाला एक फेरा, फार तर दोन, एवढाच फिरावा. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट कवडसा वळतो. मिनिटाला एक फेरा धरला तर १६ फुटांवरच्या भिंतीवर ठिपका सेकंदाला सव्वातीन फूट सरकतो, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने. मिनिटाला तीन फेरे केले तर तोच ठिपका सेकंदाला दहा फूट पळतो आणि म्हाताऱ्या माणसांना गरगरते. टेबल फॅनची मोटर रेग्युलेटरवर हळू करून गोळा टांगण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. ती मोटर वजन पेलायला केलेलीच नसते. गोळ्याची स्वतंत्र मोटर मिळते, तिच्यावर किती किलो पेलते ते छापलेले असते, तीच घ्यावी.

जीव आधी, शोभा मग

आता महत्त्वाचे. गोळा डोक्यावर टांगायचा आहे आणि त्याच्याखाली आपलीच पोरे नाचणार आहेत.

गोळा टांगण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या. मोटरची ताकद त्या वजनाच्या दुप्पट तरी असावी. मोटरच्या हुकाशिवाय दुसरी पोलादी साखळी किंवा तार गोळ्यापासून थेट वरच्या मजबूत आडव्या वाशापर्यंत बांधावी. हुक सुटला तरी गोळा खाली येता कामा नये. साखळी थोडी सैल ठेवावी, म्हणजे गोळा फिरताना अडत नाही. सुतळी, नायलॉनची दोरी, बाइंडिंग वायर यांच्यावर भरवसा ठेवू नये. पावसाने भिजलेल्या बांबूच्या गाठी रोज संध्याकाळी तपासाव्यात.

दिवा जमिनीपासून दहा फुटांवर, गोळ्याच्या पातळीत बांधावा. झोत लोकांच्या डोक्यावरून जावा, कोणाच्या डोळ्यांत थेट घुसू नये. उघड्या मंडपात पावसापाण्याला टिकणारा, आयपी ६५ खूण असलेला दिवा घ्यावा.

वीज घेताना शेतीपंपाच्या लाइनवर आकडा टाकू नये. तो गुन्हा आहेच, शिवाय त्या लाइनला मंडपासाठी ना योग्य फ्यूज असतो ना अर्थिंगची खात्री. उत्सव मंडळांना महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी मिळते, ती रीतसर अर्ज करून घ्यावी. जोडणीजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. अंगातून वीज जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. वायर तीन पदरी असावी आणि तिसरा पदर खरोखर अर्थिंगला जोडलेला असावा. नुसता दाखवायला नको. जमिनीवर जोड देऊ नयेत, लोखंडी खांबाला वायर गुंडाळू नये. ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत.

लेसरचे नाव काढू नका

काही हौशी मंडळे गोळ्यावर लेसर मारतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. साध्या दिव्याचा उजेड गोळ्यावरून फुटला की पसरत, विरत जातो. लेसरचा किरण आरशावरून परतला तरी पसरत नाही. तो तसाच एकवटलेला राहतो आणि गोळा फिरत असल्याने कुणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. डोळ्यातले भिंग तो पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करते आणि तिथला पडदा भाजतो. अशी जखम चष्म्याने भरून येत नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात पुण्याच्या मिरवणुकीत लेसरमुळे एका तरुणाची नजर अधू झाल्याची बातमी आली होती. २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी लेसर झोतांवर बंदीचा आदेशही काढला. आपल्या गावात पोलिसांनी सांगण्याची वाट कशाला बघायची? मंडळाच्या बैठकीतच ठराव करावा.

वेगाने लुकलुकणारे स्ट्रोब दिवेही जपून वापरावेत. फेपऱ्याचा त्रास असलेल्या काही माणसांना त्या लुकलुकीने झटका येऊ शकतो. गोळ्याचे संथ कवडसे त्या मानाने निर्धोक.

वाचतो तो पैसा

शेवटी हिशेब. ५०० वॅटचे दोन हॅलोजन रोज पाच तास, असे दहा रात्री चालवले तर ५० युनिट वीज जळते. १० वॅटचा एक पिन स्पॉट तितकाच वेळ चालवला तर अर्धा युनिट. मोटरला तर अगदी किरकोळ वीज लागते. लोडशेडिंगमध्ये जनरेटर सुरू करण्याऐवजी साध्या इन्व्हर्टरवर दिवा आणि मोटर दोन्ही चालतात. डिझेल वाचले, आवाजही नाही.

गोळा घरी करायचा असेल तर एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे. जुन्या प्लास्टिकच्या चेंडूवर कागदाचा लगदा चढवून, तो वाळवून, त्यावर काचवाल्याकडून कापून आणलेले सपाट चौकोनी तुकडे चिकटवावेत. कडा घासून घ्याव्यात, नाही तर बोटे कापतात. उत्सव संपला की गोळा कोरड्या मऊ फडक्याने पुसून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. पाण्याने धुतल्यास आरशाच्या पाठीचा मुलामा काळा पडतो.

मंडपवाल्या तरुणांनो, पुढच्या खेपेला बाजारात जाल तेव्हा खिशात मोजपट्टी असू द्या. बारा फुटांवर वर्तुळ मोजा, दिव्याच्या तोंडाला एकच भिंग आहे ना ते बघा, आणि मगच पैसे मोजा. तुम्ही एक लहान दिवा घेऊन मंडप चांदण्याने भरलात की गिऱ्हाईक स्वतःहून तुमच्याकडे येईल. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, फोकस कमी केल्याने जे पैसे उरतील त्यातून आधी ईएलसीबी आणि गोळ्याची दुसरी साखळी घ्या. या दोन गोष्टी मंडपात आहेत का, हे गणपती बसायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.